मध्यस्थाचे मोल

गेल्या आश्विनात आम्ही फोंड्यास मावशीकडे गेलो होतो. देवदर्शन आटोपून परतताना बाजारातील एका दुकानाशी ती थांबली. कोबीचा गड्डा हातात घेऊन तिने भाव विचारला, तो ऐकून गड्डा होता तेथेच ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "भाजी खूब म्हारग जाल्या. तुमच्या बेळगांवचीच न्हय मरे ही?"

तिच्या बोलण्यात थोडा आरोप होता. जणू काही भाव आम्हीच ठरवून पाठविला होता. आम्ही निरुत्तर झालो, कारण त्याच आठवड्यात कडोलीच्या शिवारात आमच्या परिचयाचा एक शेतकरी उभ्या कोबीत मेंढरे सोडताना आम्ही पाहिला होता. काढणीची मजुरी आणि टेम्पोचे भाडे वजा जाता हाती काहीच राहत नाही, मग निदान मेंढरांचे खत तरी शेतात पडेल, असा त्याचा हिशेब होता. पिकविणाऱ्यास जे फुकट देणे परवडते, ते खाणाऱ्यास विकत घेणे परवडत नाही. आणि ह्या दोघांमध्ये अंतर किती, तर चोर्ला घाटाने शंभर-सव्वाशे किलोमीटर! गोव्याच्या स्वयंपाकघराची चूल बेळगावच्या भाजीवर किती अवलंबून आहे, हे २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीने वाहतूक अडविली तेव्हा साऱ्यांस कळून चुकले. तेव्हा हा विषय एका मावशीचा किंवा एका शेतकऱ्याचा नव्हे. घाटाच्या दोन्ही अंगांस राहणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो असा, की मधला कोणी तरी खातो. 'दलाल' हा शब्द आपल्या भाषेत आता निंदेखेरीज उच्चारला जात नाही. परंतु वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक सवय जडली आहे. आरोपीविरुद्ध सारे गाव एकमुखाने बोलू लागले, की त्याची बाजूही एकदा ऐकून घ्यावी. मध्यस्थ असणे हेच पाप आहे काय? आणि नसेल, तर त्याचे पाप नेमके कोठे सुरू होते? ह्या प्रश्नाचा येथे यथामति विचार करावयाचा आहे.

प्रथम आरोपीच्या बाजूने साक्ष. तीही आमच्याच अनुभवाची.

आमच्या गावच्या देवस्थानाच्या समितीवर आम्ही काही वर्षे काम पाहत आहो. एका वर्षी वार्षिक उत्सवाच्या महाप्रसादाची भाजी बाजारातून न घेता थेट शेतकऱ्यांकडून घ्यावी, असा ठराव आम्ही मोठ्या उत्साहाने मांडला व तो संमतही झाला. उत्सवाच्या पहाटे जे घडले ते आजही आठवते. तिघा शेतकऱ्यांपैकी एकाचा टेम्पो उशिरा आला. वांगी लहानमोठी मिसळलेली व त्यांत किडकी किती, हे पातेले चुलीवर चढेपर्यंत कोणास कळले नाही. वजन करावयास काटा नव्हता. शेतकऱ्यास पैसे रोख हवे होते, आणि खजिनदारांच्या धनादेशावर दुसरी सही करणारे गृहस्थ पालखीबरोबर गेले होते. सर्वांत वाईट गोष्ट अशी, की आम्हांस त्याचा अर्धाच माल हवा होता. उरलेला अर्धा घेऊन तो भर दुपारी बाजारात गेला तेव्हा सौदे संपले होते. आम्ही दलाल टाळला, आणि दलालाने केला नसता एवढा तोटा त्या बापड्याचा केला.

त्या दिवशी आम्हांस उमगले, की मधला माणूस काही तरी करतो. तो माल निवडतो, प्रतवारी लावतो, तोलतो, नासाडीचा धोका पत्करतो. ज्यास सारे विकावयाचे आहे त्याचे सारे घेतो आणि ज्यास थोडेच हवे त्यास थोडे देतो. हे काम आहे, आणि कामास वेतन आहे. त्यास लूट म्हणणे हा अन्याय होय.

आपल्या धर्मशास्त्रानेही व्यापाऱ्यास हाकलून दिलेले नाही. त्यास मर्यादा घातली. माल कोठून आला, कोठे जावयाचा, किती दिवस ठेवावा लागला आणि त्यावर लाभ-हानी किती, हे पाहून राजाने भाव ठरवावा आणि पाच-पाच दिवसांनी किंवा पंधरवड्याने तो पुन्हा तपासावा, असे मनु सांगतो. याज्ञवल्क्याने तर आकडाच दिला आहे: घेऊन लगेच विकणाऱ्या वाण्याने स्वदेशीच्या मालावर शेकडा पाच व परदेशीच्या मालावर शेकडा दहा नफा घ्यावा. ह्याच याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, 'मिताक्षरा' लिहिली, आणि आम्हां वकिलांचा हिंदू कायदा शतकानुशतके तिच्या आधाराने चालला. दूरच्या मालावर दुप्पट नफा का? कारण घाट ओलांडण्यात कष्ट आहेत, धोका आहे. शास्त्रकार अव्यवहारी नव्हते. मात्र त्यांनी लाभाचे कारण मागितले. नुसत्या संधीस त्यांनी कारण मानले नाही.

आता फिर्यादीची बाजू.

जुन्या पेठांत सौदा कसा होई, हे वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. अडत्या व खरेदीदार ह्यांचे हात एका रुमालाखाली जात. बोटे दाबून भाव ठरे. आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असे. मग त्याच्या हाती 'पट्टी' पडे. तीत हमाली, तोलाई, घट, नमुना, वटाव अशा एकामागून एक वजावटी असत, आणि शेवटची रक्कम वाचताना त्याचा आवाज खाली जाई. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने आपल्या अहवालात ह्या वजावटींची दखल घेतली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. त्या इलाख्याचा शेती उत्पन्न बाजाराचा कायदा १९३९ साली झाला, आणि राज्यपुनर्रचनेनंतर कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा १९६६ साली आला. उघड लिलाव, खरे वजन, नेमून दिलेल्या आकाराव्यतिरिक्त वजावट नाही, हा ह्या कायद्यांचा गाभा. पुढे २०२० साली संसदेने बाजार-आवाराबाहेरचा व्यापार मोकळा करणारा कायदा केला व २०२१ साली तो मागे घेतला. बेळगावातही २०२२ साली समितीच्या आवाराबाहेर खासगी घाऊक भाजी बाजार उभा राहिला, आणि व्यापार कोणत्या आवारात व्हावा यावर मोठा वाद माजला. वाद कुंपणाचा झाला; रुमालाचा विचार मागे पडला. व्यवहार झाकलेला असेल, तर तो भिंतीच्या आत झाला काय किंवा बाहेर झाला काय, शेतकऱ्यास सारखेच.

झाकलेल्या व्यवहाराचे पर्यवसान कोठवर जाते, हे निपाणीने पाहिले आहे. तेथील बिडीच्या तंबाखूचा दर ठरविणारा व्यापारी, प्रत ठरविणारा व्यापारी, आणि पैसे केव्हा द्यावयाचे हे ठरविणाराही व्यापारीच, अशी तेथील उत्पादकांची जुनी तक्रार होती. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते तेथे राहिले. ६ एप्रिल रोजी पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मृत्यू पावले. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या व घरी बिड्या वळणाऱ्या बाया होत्या. त्यांच्या वळलेल्या बिड्यांतून 'छाट' म्हणून काही बाजूला काढल्या जात, त्यांची मजुरी मिळत नसे, आणि त्या बिड्या मात्र परत मिळत नसत. एका टोकास पान पिकविणारा आणि दुसऱ्या टोकास ते वळणारी, दोघांची वजावट मधल्या एकाच हाताने होई.

येथे एक प्रश्न स्वाभाविक आहे. शेतकऱ्यास भाव पटत नाही, तर तो दुसऱ्या दुकानी का जात नाही? ह्याचे उत्तर भाजीत नाही, पैशात आहे. पेरणीच्या वेळी बियाणे व खत ह्यांसाठी त्याने अडत्याकडून 'उचल' घेतलेली असते. ज्याची उचल, त्याच्याच दुकानी माल, हा अलिखित करार होय. दुसऱ्या टोकास किरकोळ विक्रेताही माल उधारीवर नेतो, तोही बांधलेला. म्हणजे मधला माणूस दोन्ही बाजूंचा सावकार असतो, आणि त्याचे व्याज व्याज ह्या नावाने कोठेच लिहिले जात नाही; ते भाजीच्या भावात मिसळते. फोंड्याची मावशी कोबीबरोबर कडोलीच्या कर्जाचेही व्याज भरीत होती. तिला ते ठाऊक नव्हते, एवढेच.

माल मोकळा व्हावयाचा तर आधी पैसा मोकळा झाला पाहिजे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. गदगजवळच्या कणगिनहाळ येथे १९०५ साली सिद्धनगौडा पाटील ह्यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी काढली. देशातील अशा पहिल्या पेढ्यांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी मुंबईत श्रीपाद सुब्राव तल्माकी ह्यांनी सारस्वत समाजातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पेढी स्थापिली. ही माणसे सावकाराविरुद्ध भाषणे करीत बसली नाहीत. सावकार करीत असलेले काम त्यांनी उचलले आणि ते उघड्या वहीने केले.

उघड्या वहीने काय साधते, हे दुधावरून दिसते. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांनुसार ग्राहकाच्या एका रुपयापैकी शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोत सुमारे ३३ पैसे, कांद्यात ३६ व बटाट्यात ३७ पैसे पडतात. दुधात मात्र हाच वाटा ७० पैशांच्या आसपास आहे. दूध तर टोमॅटोहून नाशवंत! मग हा फरक का? दुधासही मध्यस्थ आहेतच: संकलन केंद्र आहे, शीतगृह आहे, टँकर आहे, विक्रेता आहे. कोल्हापूरचा जिल्हा दूध संघ १९६३ साली निघाला, आणि तेव्हापासून सीमाभागातील घरोघर ही पद्धत परिचित आहे: माप समोर, स्निग्धांश समोर तपासलेला, दर आधी जाहीर, पैसे ठरल्या दिवशी. अर्थात दूध रोजचे व एकसारखे असते, भाजीस हंगामाचे चढउतार असतात, हे खरे; सारे श्रेय पद्धतीस देता येणार नाही. पण मध्यस्थ नाहीसे न करताही त्यांची भूक मर्यादेत ठेवता येते, एवढे त्यावरून निश्चित सिद्ध होते.

तात्पर्य, मध्यस्थाच्या कमाईत दोन प्रकारचा पैसा असतो. एक कामाचा आणि दुसरा अडवणुकीचा. घाटात वाट दाखविणाऱ्यास आपण मजुरी देतो. घाटात वाट अडविणाराही पैसे घेतो. घेणारा हात सारखाच दिसतो. मग दोघांतील भेद ओळखावा कसा? आमच्या मते कसोटी एकच. जो हिशेब पिकविणाऱ्यास दाखविला, तोच खाणाऱ्यासही दाखविता येतो का? ज्याने काम केले त्यास दोन वह्या ठेवण्याचे कारण पडत नाही. ज्याच्या लाभाचे कारण दोन्ही टोकांस समोरासमोर सांगता येत नाही, त्याचा लाभ कायद्याच्या चौकटीत बसला तरी धर्माच्या चौकटीत बसत नाही.

महाभारताच्या शांतिपर्वातील जाजलि व तुलाधार ह्यांची कथा ह्या वाचकवर्गास सांगावयास नकोच. जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी न हलणारा तपस्वी जाजलि, आणि वाराणसीच्या बाजारात माल विकणारा तुलाधार. तपाचा गर्व झालेल्या जाजलीस धर्म शिकावयास पाठविले गेले ते ह्या दुकानदाराकडे! तुलाधार काही पिकवीत नव्हता. तो इतरांकडून घेऊन इतरांस विकीत होता. म्हणजे आजच्या भाषेत मध्यस्थच. त्याचे तप एवढेच, की त्याचा तराजू सर्वांसाठी सारखा होता. व्यासांनी धर्माचा आचार्य म्हणून दुकानदार निवडला, ह्याचे आम्हांस लहानपणी नवल वाटे. आता वाटत नाही. एका पायावर उभे राहण्यापेक्षा दोन गरजू माणसांच्या मध्ये उभे राहून तराजू सरळ धरणे पुष्कळ कठीण आहे.

येथवर लिहून थांबणे सोपे होते. परंतु आमच्या देवळाची एक गोष्ट सांगितल्याविना हा लेख प्रामाणिक होणार नाही.

समितीच्या जुन्या वह्या चाळताना जमेच्या बाजूस आम्हांस दरवर्षी एक रक्कम आढळली: 'पेठेकडून धर्मादाय'. चौकशीअंती उलगडा झाला. पेठेतील अडत्ये शेतकऱ्याच्या पट्टीतून पोत्यामागे काही पैसे 'धर्मादाय' म्हणून कापीत, वर्षाअखेर ती रक्कम देवळास देत, आणि तिच्यातून नंदादीपाचे तेल येई. सभामंडपातील शिलेवर नावे आहेत ती अडत्यांची. ज्यांच्या पोत्यांतून ते पैसे आले, त्यांचे नाव कोठेच नाही. त्यांस कोणी विचारलेही नव्हते. ही प्रथा अनेक पेठांत होती, आणि बाजाराच्या कायद्यांनी अशा वजावटी बंद केल्या. पण आमच्या मनातला प्रश्न कायद्याने मिटला नाही. न विचारता दुसऱ्याच्या खिशातून घेऊन केलेल्या दानाचे पुण्य कोणाचे? आणि ज्या दिव्याच्या उजेडात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हात जोडले, त्याच्या तेलात आमचाही वाटा नव्हता काय? दलालास नावे ठेवणारे आम्ही, त्या साखळीची शेवटची कडी देवळाच्या कळसाशी बांधलेली होती, हे विसरलो होतो.

पुढे एका व्यापारी गृहस्थांनी प्रसादालयासाठी मोठी देणगी देऊ केली. वरील वह्या मनात ताज्या असल्यामुळे आम्ही, थोड्या अधिकाराच्या सुरात, ह्या पैशाचा उगम विचारला. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्या फीचा हिशेब तुम्हांला कोणी विचारतं का?"

ह्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते. पक्षकार व न्याय ह्यांच्या मध्ये उभा राहणारा वकील मध्यस्थ नव्हे तर कोण? मुद्रांक, नक्कल, टंकलेखन, आमचे मानधन, सारे एकाच आकड्यात सांगावयाचे आणि अडलेल्या माणसाने निमूट द्यावयाचे, हा आमचाही रुमालच होता. त्या दिवसापासून आम्ही पक्षकारास प्रत्येक बाब वेगळी लिहून देऊ लागलो. पहिल्या महिन्यात दोन ठिकाणी आम्हांस आमचाच आकडा लिहिताना संकोच वाटला, आणि आम्ही तो कमी केला. नुसते लिहावे लागले म्हणून कमी केला, हे विशेष!

आणि ग्राहक म्हणून आपण तरी निर्दोष आहो काय? डोक्यावर पाटी घेऊन दारी आलेल्या म्हातारीशी कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी आपण घासाघीस करतो. काचेच्या दुकानात मात्र छापील भाव मुकाट्याने देतो. भाजी धुतलेली हवी, निवडलेली हवी, बारा महिने हवी, दारात हवी, आणि महागाईचा दोष मात्र मधल्याचा! आपल्या सोयीसाठी साखळीत जी कडी वाढते, तिचे मोल आपणच दिले पाहिजे.

गेल्या उत्सवाच्या वेळी आम्ही पुन्हा बाजारातूनच भाजी घेतली. मात्र अडत्याशी एक अट ठेवली: समितीस द्यावयाच्या बिलासोबत शेतकऱ्यास दिलेल्या पट्टीची प्रत जोडावी, त्याची अडत आम्ही वेगळी व उघड देऊ. तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला व कबूल झाला. शेतकऱ्याचा भाव, हमाली, भाडे, अडत आणि एकूण खर्च, असा कागद प्रसादालयाच्या फळ्यावर लागला. भाजी आम्हांस फार स्वस्त पडली असे नाही. पंगतीनंतर हात धुऊन आलेला एक वृद्ध शेतकरी त्या कागदावर बोट ठेवून बराच वेळ वाचीत होता. आपल्या ओळीशी त्याचे बोट थांबले, तेथून ते शेवटच्या आकड्यापर्यंत गेले, आणि तो आम्हांस म्हणाला, "एवढंच मधे असतं व्हय?"

एका देवळाच्या एका दिवसाच्या खरेदीने बाजार सुधारत नाही, ह्याची आम्हांस जाणीव आहे. बेळगावच्या आवारात रोज जेवढी भाजी उतरते, तिच्यापुढे आमची पंगत ती किती! परंतु आपल्या प्रांतात देवळे पुष्कळ आहेत, उत्सव पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक महाप्रसादामागे कोणाचे तरी शेत आहे. वाचकांपैकी जे कोणी अशा समित्यांवर असतील, त्यांनी येत्या उत्सवाच्या बिलासोबत पट्टीची प्रत मागून पाहावी. आणि ती मागण्यापूर्वी, आमच्याप्रमाणे, आपल्या धंद्यातील रुमाल एकदा उचलून पाहावा.